शिवलेले फोन

पोंक आला. भाजीबाजाराच्या तोंडाशी भट्टी पेटली, ज्वारीची हिरवी कणसं भाजून कापडात गुंडाळून बडवायला सुरुवात झाली, की सुरतेत थंडी लागली असं समजायचं. गावाकडे आम्ही यालाच हुरडा म्हणतो. तिकडे तो शेतात बसून, तळहातावर चोळून, फुंकर मारून खायचा. इथे कागदात बांधून मिळतो, वर लिंबू-मिरीची शेव. चव तीच. वास तर अगदी तोच, ओला आणि जळका, दोन्ही एकदम.

हा वास आला की मी चालता चालता थांबते. खाताना नाही, नुसता वास आला की. समोर अंधार आहे, अंधारात लोक बसले आहेत आणि आता मला तोंड उघडायचं आहे, असं वाटतं. मग मी पिशवी दुसऱ्या हातात घेते आणि चालू लागते. भाजीवाला म्हणतो, "शुं थयुं, बेन?" मी म्हणते, काही नाही, मेथी दे.

आज सकाळी देवरे सरांचा निरोप आला. यंदाचं नाटक ठरलं आहे, पिशव्या परत लागतील, आणि पुढे लिहिलं आहे, "सुमनताई, या वेळी शिवण्याआधी फोन बंद करायला सांगा. कृपा करा." मी हसले. पण हसता हसता तो अंधार परत समोर आला.

देवरे सर महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवतात. दरवर्षी थंडीत ते आमच्या वस्तीतल्या लोकांचं एक नाटक बसवतात. थंडीतच, कारण दिवाळीला गावी गेलेली माणसं तोवर परत आलेली असतात आणि लग्नसराईला अजून वेळ असतो. लूमवर काम करणारे, रंगाच्या मिलमध्ये काम करणारे, असे सगळे संध्याकाळी शाळेच्या खोलीत जमतात. कोणाच्या कानात अजून लूमचा खडखडाट असतो, म्हणून सगळे ओरडूनच बोलतात. सर म्हणतात, "अरे, हे घरातलं बोलणं आहे, घरात कोण एवढं ओरडतं?" तर भटू म्हणतो, "सर, तुम्ही आमच्या घरी आला नाहीत."

पुरुष मिळतात. बाई मिळत नाही. आणि हे फोन शिवले त्या वर्षी तर अजिबातच मिळत नव्हती.

त्याच्या आदल्या थंडीत बाईचं काम संगीताने केलं होतं. संगीता माझी शेजारीण, भिंतीला भिंत. ती हसली की गल्लीच्या टोकाला कळायचं. नाटकात तिचा नवरा दारुडा होता आणि शेवटी ती त्याला एक चापट मारते. ती चापट यायला सगळं नाटक लागायचं. मी प्रेक्षकांत होते. चापट बसली तेव्हा कोणी हसलं नाही, माझ्या शेजारची म्हातारी तोंडावर पदर धरून रडत होती. पण कोणीतरी फोन वर धरून बरोबर तेवढीच चापट घेतली. मागे हसण्याचा आवाज जोडला. आठवडाभरात तो व्हिडिओ तिच्या सासरच्या गावात घराघरांत फिरत होता. तिचा खरा नवरा शांत माणूस. त्याला कामावर लोक विचारायला लागले, "काय रे, आज गाल कसा आहे?" नाटकातला नवरा वेगळाच होता, पण ते कोण बघतो. मग गावाहून तिचे दोन दीर आले. आमची भिंत पातळ आहे, शेजारी भाकरी थापली तरी ऐकू येतं. त्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही. शांतता होती, आणि मला तिचीच भीती वाटली. त्यानंतर संगीता पाणी भरायला खाली आली तरी मान वर करत नसे. हसणं बंद झालं ते झालंच.

म्हणून सर आमच्या दारात आले तेव्हा त्यांचा चेहरा आधीच पडलेला होता. मी खाली बसून साडीला टिकल्या चिकटवत होते. हे नुकतेच कामावरून येऊन चहा घेत होते.

"गल्लीत सगळ्यांना विचारून झालं, सुमनताई," सर म्हणाले. "तुम्ही शेवटच्या."

हे मोठ्याने हसले. "सर, ही दुकानात भाव विचारायचा तरी मला पुढे ढकलते. हिला स्टेजवर?"

"बोलायचं नाहीच आहे हो. पूर्ण नाटकभर ती बाई गप्प असते. शेवटी एकदाच बोलते."

"किती बोलते?" मी विचारलं.

सरांनी चष्मा पुसला. "दोन पानं."

यांना ठसका लागला. सर निघाले तेव्हा मी म्हटलं, कागद राहू द्या. दुपारी घरात कोणी नसताना मी ती दोन पानं वाचली. चौथीनंतर मी मोठ्याने काही वाचलं नव्हतं. अक्षरावर बोट ठेवून, एकेक शब्द ओठांवर आणून वाचत गेले. दुसऱ्या पानाच्या शेवटी आले तेव्हा टिकल्यांचा गोंद वाटीत वाळून गेला होता. मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. मला ते बोलायचं होतं. एवढं मला आयुष्यात काही बोलायचं नव्हतं.

रात्री यांना सांगितलं. यांनी विचारलं, "दादाला कळलं तर?"

दादा म्हणजे यांचे थोरले भाऊ, माझे जेठ. नंदुरबारच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथे ते घर आणि शेती बघतात. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको जेठांसमोर पदर घेते आणि त्यांच्याशी बोलत नाही. तेही थेट बोलत नाहीत, मध्ये कोणाला तरी घालून बोलतात. ओट्यावरून घरात यायचं असेल तर आधी खाकरतात, म्हणजे आपण पदर सारखा करायचा. लग्न होऊन मी आले तेव्हापासून त्यांनी माझं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. संगीताची चापट त्यांच्याही फोनवर गेली होती. तेव्हा ते यांना म्हणाले होते, "आपल्या घरातली बाई अशी फोनमध्ये दिसली, तर तुझं-माझं तुटलं म्हणून समज." जेठ रागात बोललेलं विसरणारे नाहीत. आणि माझ्या सासूबाई त्यांच्याकडे होत्या, पावसाळ्यात पडल्या तेव्हापासून अंथरुणाला खिळलेल्या. नातं तुटलं तर यांना आईचं तोंड दिसायचं नाही. हे न बोलता आम्हा दोघांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सर विचारायला आले तेव्हा मी गॅसकडे तोंड करून उभी होते. तशीच म्हणाले, "मी करीन. पण फोन नको."

"कोणाचा फोन?"

"कोणाचाच."

आता सगळीकडे नाटकाआधी सांगतात, फोन बंद ठेवा, शूटिंग करू नका. लोक मान डोलावतात आणि अंधार झाला की काजव्यासारखे एकेक फोन उजळतात. सरांना ते माहीत होतं. त्यांनी नाटकाच्या मंडळाची बैठक बोलावली. मी कोपऱ्यात बसले होते.

"फोन बाहेर जमा करा," सर म्हणाले.

भटू उठला. "सर, त्यापेक्षा किडनी मागा. ती दोन तरी असतात."

"टेबलावर ढीगभर फोन, सगळे काळे," दुसरा म्हणाला. "जाताना माझा कोणता, याचा कोणता? बायको बदलली तर चालेल, फोन बदलला तर?"

"बायकोला विचारून बोल," मागून कोणीतरी म्हणालं. हशा झाला.

मग मिलमधले एक म्हातारे काका उठले, ते कधी बोलत नाहीत. म्हणाले, "माझा भाऊ गावाला आजारी आहे. मी फोन लांब ठेवत नाही. न्हाणीतसुद्धा बरोबर नेतो."

हसणं थांबलं. कारण तिथे बसलेल्या प्रत्येकाचं कोणी ना कोणी गावाला होतं. आम्ही घरदार सोडून इथे आलो, इतक्या लांबून गाव आम्हाला फक्त ऐकू येतं, आणि ते त्या फोनमधूनच ऐकू येतं. तो सोडा असं म्हणणारी मी कोण? मी खाली बघत बसले. वाटलं, झालं, राहिलं माझं नाटक.

तेवढ्यात शोभा बोलली. शोभा माझी मैत्रीण, तिचा नवरा कापड मार्केटमध्ये पार्सलं शिवतो. ती म्हणाली, "फोन घ्यायचेच कशाला? ज्याचा त्याच्या मांडीवर राहू द्या. नुसतं तोंड शिवून टाका."

"कोणाचं?" भटूने विचारलं.

"पहिलं तुझं."

पण कल्पना सगळ्यांना पटली. सुरतेत चिंध्यांना तोटा नाही. साड्यांच्या कडा, उरलेले तुकडे, गोणीच्या गोणी रस्त्याला पडलेल्या असतात. आम्ही बायकांनी त्यांच्या पिशव्या केल्या, गुलाबी, पोपटी, जरीच्या, फुलाफुलांच्या. दारातच फोन पिशवीत घालायचा, दाभणाने तोंड शिवायचं आणि पिशवी ज्याची त्याला द्यायची. नाटक संपलं की दारात कात्री. फोन हातात राहणार, पण वर धरून काही उपयोग नाही. गावाचा जीव मांडीवर आणि माझी लाज झाकलेली. हजीऱ्याला प्लांटमध्ये काम करणारा एक जण होता, त्याला केव्हाही बोलावणं येतं, त्याला सरांनी दाराजवळची खुर्ची दिली आणि फोन उघडा ठेवू दिला. बाकी सगळ्यांनी कबूल केलं.

त्या थंडीत मी टिकल्या लावताना बोलत होते, भांडी घासताना बोलत होते. रस्त्यावर पतंगाचा मांजा रंगवणाऱ्यांनी खांबापासून खांबापर्यंत गुलाबी दोरे ताणले होते, त्यांच्या खालून वाकून जातानाही ओठ हलत होते. एकदा संगीता जिन्यात भेटली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू करतेयस म्हणे." मी मान हलवली. ती म्हणाली, "टाके दुहेरी घाल." आणि खाली उतरून गेली.

नाटकाच्या दिवशी मी पडद्याच्या फटीतून दाराकडे बघत होते. शोभा आणि आणखी तिघी दाभणं घेऊन बसल्या होत्या. लोक रांगेने फोन देत होते, पिशवीला कोणी हसत होतं, कोणी रंग बदलून मागत होतं. हॉलचा वॉचमन गुजराती, तो कमरेवर हात ठेवून बघत होता. "अरे बेन," तो म्हणाला, "मोबाइलने कफन पहेराव्युं के शुं?" सगळे हसले. मोबाइलला कफन म्हटल्यावर मला हसू आलं नाही.

मग हे आले, इस्त्रीचा शर्ट घालून. बरोबर आमची लेक पूजा. ती कॉलेजात आहे. यांनी खिशातून फोन काढला आणि हातातच धरून ठेवला.

"द्या ना भाऊ," शोभा म्हणाली. "बाळ आहे का ते?"

यांनी पडद्याकडे पाहिलं. मी त्यांना दिसत नव्हते. मग त्यांनी फोन दिला आणि शोभाने जांभळ्या पिशवीत घालून टाके मारले.

एक गोष्ट मात्र कोणाच्या डोक्यात आली नाही. पार्सल शिवणारा पार्सलच्या आत काय आहे ते बघत नाही. गाठोडं आलं, शिवलं, पुढे सरकवलं. आम्ही तसंच केलं. चालू फोन शिवून टाकले. आणि शोभाच्या नवऱ्याने दोरा दिला होता तो पार्सलचा, ट्रकमधून दिल्लीपर्यंत जाऊन न तुटणारा.

नाटक दोन भावांचं होतं. ते घराची वाटणी करतात आणि धाकट्याची बायको, म्हणजे मी, दारात बसून धान्य निवडते. सुरुवातीलाच पुढच्या रांगेतली एक पिशवी वाजायला लागली. मालकाने ती दाबली, पायाखाली धरली, शेवटी तिच्यावर बसला. तो बसला तरी त्याच्या खालून गाणं येतच राहिलं. लोक पोट धरून हसले. शोभा दाभण ठेवून आत आली होती; माझ्या मागे, विंगेत, सरांनी कपाळाला हात लावला.

"अहो, बंद न करता शिवले?"

"तुम्ही शिवा म्हणालात, शिवले," शोभा म्हणाली. "बंद करा कुठे म्हणालात?"

सरांनी मध्यंतर ठेवलं नव्हतं. बाहेर गेलेले लोक परत येत नाहीत, हा त्यांचा अनुभव. त्यामुळे आता काहीच करता येत नव्हतं. त्या अंधारात सगळे फोन जागे होते, आणि मी धान्य निवडत बसले होते. हातात खरी ज्वारी होती. मी एकेक दाणा बाजूला करत होते आणि पुढच्या वाक्याऐवजी पुढच्या घंटीची वाट बघत होते. भावांनी भांडी वाटली. गुरं वाटली. मग ते माझ्याकडे वळले, मला दारातून उठ म्हणाले. माझी वेळ आली.

मी उठले. समोर बघितलं. खरंच एकही उजेड नव्हता. इतकी माणसं आणि नुसते डोळे. डोळ्यांची मला भीती वाटेल असं वाटलं होतं, पण वाटली नाही. माणसाने डोळ्यांनी बघितलं की ते त्याच्याजवळ राहतं, त्याच्या दुसऱ्या आठवणींत मिसळतं, जुनं होतं. ते कापून कोणाला पाठवता येत नाही. मी बोलायला लागले. माझा आवाज मलाच नवा वाटला. पहिलं पान गेलं.

आणि कोंबडा आरवला.

लोक हसले. कोणाला वाटलं नाटकातलाच आहे. पण मी ओळखला. पूजाने यांच्या फोनमध्ये गावाच्या नंबरला कोंबड्याचा आवाज लावून ठेवला होता, म्हणजे कामाच्या गडबडीतही यांना कळावं की गावाहून आहे. दादांचा फोन. दादा संध्याकाळी कधी फोन करत नाहीत.

कोंबडा थांबला. मी श्वास घेतला, तोंड उघडलं, तर पुन्हा आरवला. आता हसणं कमी झालं. थांबला, आणि तिसऱ्यांदा. मग हॉलमध्ये कोणीच हसेना. आमच्या लोकांत एकदा आलेला फोन ख्यालीखुशालीचा असतो, लागोपाठ आला की माणूस बसल्या जागी उठून उभा राहतो. अंधारात सगळीकडे सळसळ झाली. जो तो आपली पिशवी चाचपत होता, कानाला लावत होता, माझी तर नाही ना. मिलमधले ते काका उभेच राहिले. मला वरून सगळं दिसत होतं. आणि मला माहीत होतं की ती कोणाची आहे.

हे दाताने दोरा तोडत होते. तुटत नव्हता. पूजा दोन्ही हातांनी पिशवी ओढत होती. सासूबाई गेल्या, असं माझ्या मनात आलं. आलं आणि तिथेच बसलं. ज्या घरात मी आले त्या घराची म्हातारी गेली आणि मी रंग लावून लोकांसमोर उभी आहे. भटू नाटकात थोरला भाऊ होता. तो पाठ प्रेक्षकांकडे करून पुटपुटला, "वहिनी, बोला." मला बोलता येईना. मी यांच्याकडे बघत राहिले. हे उठले. ती जांभळी पिशवी छातीशी दाबून, माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत, आरवणारा कोंबडा घेऊन ते दाराकडे निघाले. दारात त्यांनी मागे वळून बघितलं. मग दार उघडलं, बाहेरचा पांढरा उजेड आत आला, आणि दार बंद झालं.

मी दुसरं पान बोलले. कसं बोलले ते मला आठवत नाही. सर नंतर म्हणाले, "तुम्ही मध्ये जी गप्प राहिलात ना, सुमनताई, तसं गप्प राहणं मी कोणाकडून करून घेऊ शकलो नाही." 

पडदा पडल्यावर मी रंग न पुसता बाहेर धावले. दारात कात्र्या चालू होत्या, लोक पिशव्या पुढे करत होते, कोणी मला म्हणत होतं छान झालं, छान झालं. हे चहाच्या टपरीजवळ उभे होते. कात्र्या तेव्हा आत शोभाकडे होत्या, म्हणून वॉचमनने काडी पेटवून दोरा जाळून दिला होता, पिशवीचं तोंड काळं झालं होतं.

"आई?" मी विचारलं.

"आई बरी आहे."

मग मी यांचा चेहरा बघितला.

"दादाला कळलंय. म्हणाला, तिला घेऊन ये."

"कसं म्हणाले?"

"तसंच. तिला घेऊन ये. मग ठेवला. आई मागून काहीतरी बोलत होती, ऐकू नाही आलं."

पूजा आमच्या मागे येऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "मी आजीला सांगितलं होतं. मला वाटलं, आजी काय व्हिडिओ आहे का पसरायला?"

तिला कोणी रागावलं नाही. रिक्षात हे एकदाच बोलले, "तुझं शेवटचं बोलणं माझं बघायचं राहिलं. मी बाहेरच होतो." थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणून दाखवशील?" घरात यांच्यासमोर उभं राहून ते बोलणं मला शक्य नव्हतं. आणि कुठे बघायला मिळेल अशी जागाही नव्हती. इतकी माणसं होती, पण कोणाच्याही फोनमध्ये मी नव्हते. हेच मला हवं होतं. पण आता ते फक्त माझ्याजवळ उरलं होतं. व्हिडिओ असता तर जेठांनी तो बघितला असता, काय रागवायचं ते तिकडेच रागावले असते. व्हिडिओ नव्हता, म्हणून मला बोलावलं होतं.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सुरतेत सगळं बंद असतं. लोक गच्चीवर चढतात, दिवसभर पतंग, ओरडा, उंधियू. आम्ही त्या सकाळी भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. पूर्ण रस्ता हे खिडकीतून कपाशीची रिकामी शेतं बघत होते. "दादा काही बोलला तर तू मध्ये बोलू नको," एकदा म्हणाले. मी कधी बोलते? पण या वेळी त्यांना तसं सांगावंसं वाटलं.

जेठ ओट्यावर बसले होते. मी पदर ओढून खालूनच पाया पडले. ते दुसरीकडे बघत म्हणाले, "आत जा म्हणा, माय वाट पाहते." जाऊबाईंनी मला आत नेलं. जाता जाता त्यांनी माझा हात दाबला. तो दिलासा होता की काही आणखी, मला कळलं नाही.

सासूबाई खूप वाळल्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यातच त्या गेल्या, पण त्या दिवशी डोळे अजून तेच होते, दाण्यातला खडा लांबून ओळखणारे. या बाईसमोर मी कधी मोठ्याने बोलले नव्हते. त्यांनी मला कधी मारलं नाही, टोचून बोलल्या नाहीत. पण त्यांच्या घरात बोलणं ही बायकांची गोष्ट नव्हती, त्यांचीसुद्धा नव्हती.

"सुमन, तू नाटक करस म्हणे," त्या म्हणाल्या.

मी खाली बघितलं.

"मी मोठाले म्हणत व्हतू, फोनमा दखाड म्हनीसन. तर म्हणे, फोन शिवी टाकात!" त्यांना हसू आलं, हसताना खोकला आला. म्हणजे ते सगळे फोन त्यांनी जेठांना करायला लावले होते. नाटक चालू असताना त्यांना मला बघायचं होतं. खोकला थांबल्यावर त्या म्हणाल्या, "मंग आते कर."

मी दाराकडे बघितलं. दार उघडं होतं. बाहेर ओट्यावर जेठ होते, यांची सावली दारात पडली होती. जेठ खाकरले नाहीत, उठून गेलेही नाहीत. सासूबाई सांगतील ते करायचं की जेठांचा राग सांभाळायचा, हे ठरवायला मला सवड नव्हती. सासूबाईंनी मला बघायला मागितलं हे कळलं होतं. पण 'तिला घेऊन ये' हे जेठांच्या मनाचं होतं की सासूबाईंच्या, ते अजून कळलं नव्हतं. इथे पडदा नव्हता, अंधार नव्हता, रंग नव्हता. आणि हे घर खरं होतं.

डोक्यावरचा पदर मी काढला नाही. उभी राहिले. पहिलं पान हळू आवाजात म्हटलं. जाऊबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या, त्यांचा हात भाकरीच्या पिठातच राहिला. मग ते वाक्य आलं.

"तुम्ही भांडी वाटली, गुरं वाटली, विहिरीचं पाणी वाटलं. माझं एक राहिलं आहे. या घरात आल्यापासून मी जे जे बोलले नाही, ते सगळं इथेच साठलं आहे. भिंतीत आहे, माळ्यावर आहे, रांजणाच्या तळाशी आहे. ते कोणाच्या वाट्याला टाकता?"

हॉलमध्ये या वाक्यावर दोघे भाऊ एकमेकांकडे बघतात आणि मी पुढे बोलते. इथे सासूबाईंनी हात वर केला. मला वाटलं, थांब म्हणतात. त्यांनी माझ्या पदराचं टोक धरलं.

"मी जे नही बोलनू," त्या म्हणाल्या, "ते बी तुनाच वाटाले टाकी दे."

मी पुढचं विसरले. सगळं गेलं, दुसरं पान कोरं झालं. हॉलमध्ये सर पडद्याआड कागद घेऊन बसलेले असतात, शब्द अडला की पुटपुटतात. इथे कोणी नव्हतं. सासूबाईंनी पदर सोडला नव्हता. बाहेर काहीच हालचाल नव्हती, आणि मी त्या शांततेत जेठांच्या उठण्याची वाट बघत उभी राहिले.

मग ओट्यावरून त्यांचा आवाज आला. नेहमीसारखाच आईला मध्ये घालून, पण मला.

"माय, तिले इचार, पुढे काय शे?"

मी तोंड दाराकडे केलं आणि ओट्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात पुढचं म्हणायला लागले.